टूंऽऽऽ : जुनं आउटबोर्ड घेतलेल्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन! आपण जुनं आउटबोर्ड मशीन विकत घेतलेलं आहे. व्यवहारात आपल्या पदरी पुढील वस्तू पडल्या असतील : एक 40 अश्वशक्तीचं इंजिन, ज्याच्या झाकणावरचा 40 अर्धा पुसला गेला आहे, एक पंखा, ज्याचं एक पातं खडपावर आपटून दुमडलं आहे, पेट्रोलची टाकी, तिची नळी, नळीवरचा रबरी फुगा, आणि पैसे मोजून झाल्यावर विकणाऱ्याने जाता जाता टाकलेलं एक वाक्य : "ता मधीमधी वाजता, पण काय नाय तसा."

प्रस्तुत मार्गदर्शिका या शेवटच्या वस्तूविषयी आहे.

ती कोणासाठी नाही हे आधीच सांगितलेलं बरं. ज्यांचं पोट मशीनवर आहे अशा मालवण-देवबागच्या मच्छीमारांना हिचा काडीचा उपयोग नाही. मशीन तापायला लागलं की त्यांना बझरच्या आधी वास येतो. ज्यांनी उमेदीची वर्षं लोकलमध्ये लटकून काढली, निवृत्तीनंतर गावच्या घराची कौलं परतून घेतली, आणि कर्ली नदीच्या मुखाशी सकाळी सकाळी गरवायला बसण्याच्या हौसेने ज्यांना थेट होडीच्या मालकीपर्यंत आणून सोडलं, अशा नवशिक्यांसाठी ही आहे.

हजेरी

पहिला प्रश्न : आपल्या मशीनला अलार्म आहे का? दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान मशीनांना बहुधा तो नसतोच. ती बिचारी काही न बोलता चालतात आणि काही न बोलता जाम होतात. किल्लीवर सुरू होणाऱ्या मोठ्या मशीनांचा बझर गिअरच्या दांड्याच्या पेटीत किंवा डॅशबोर्डच्या मागे दडवलेला असतो. किल्ली ‘ऑन’ केली, स्टार्टर अजून मारलेला नाही, अशा वेळी पुष्कळ मशीनांत तो क्षणभर वाजून हजेरी देतो.

त्याने हजेरी दिली नाही म्हणून खूश होऊ नये. काही जुन्या मॉडेलांत ही सोयच नव्हती. तिथे सिलिंडरच्या हेडवर बसवलेला तापमानाचा स्विच शोधा, त्याची वायर जोडापाशी सोडवा, किल्ली ऑन ठेवा आणि वायरचं टोक इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. बझर ओरडला तर बझर आणि वायर दोन्ही शाबूत. ओरडला नाही तर आधीच्या मालकाने अलार्मचा प्रश्न कायमचा सोडवलेला असण्याची शक्यता आहे. कसा, ते वायरीचा माग काढत गेल्यावर कात्रीने कापलेल्या टोकाशी समजतं. ही वायर जॉन्सन, एव्हिनरूड आणि मर्क्युरीमध्ये फिकट तपकिरी असते, यामाहामध्ये गुलाबी. खाऱ्या हवेत वीसेक पावसाळे काढल्यावर सगळ्यांचा रंग एकच होतो, तेव्हा रंगाच्या भरवशावर राहू नका, स्विचपासून सुरुवात करा.

वाजल्यावर पहिलं मिनिट

बझर वाजला की नवशिक्या बझरकडे बघतो. बझरकडे बघून काहीही कळत नाही. थ्रॉटल खाली आणा, गिअर न्यूट्रलला टाका, आणि मागे वळून मशीनच्या झाकणाखालून पाण्याची बारीक धार पडते आहे का ते पाहा. आउटबोर्डला रेडिएटर नसतो. समुद्राचं पाणी खालून ओढायचं, इंजिनभोवती फिरवायचं आणि परत समुद्रात सोडायचं, एवढाच त्याचा थंड राहण्याचा मार्ग. त्यातलं थोडंसं पाणी मुद्दाम बाहेर दिसेल असं सोडलेलं असतं. या धारेला बंदरावर ज्या नावाने ओळखतात ते छापण्याजोगं नाही, पण आपण अंदाज केलाच असेल.

धार जोरात असेल तर मशीन तसंच हळू फिरतं ठेवून मिनिटभर बघायला हरकत नाही. धार नसेल तर किल्ली बंद. कारणं नंतर शोधू. मात्र किल्लीला हात लावण्याआधी एक नजर नांगराकडे टाका. ओहोटी लागलेली असताना देवबागच्या संगमावर मशीन बंद केलं, तर आपण झाकण उघडून आत डोकावेपर्यंत होडी खाडीबाहेर, जिथे वाळूच्या पट्टीवर लाटा फुटतात तिथे पोचलेली असते. आधी नांगर, मग किल्ली, मग झाकण. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट आहे का, हेही याच वेळी बघून घ्या. प्रकरण हाताबाहेर गेलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आहे आणि व्हीएचएफ रेडिओ असल्यास चॅनेल 16.

काही मशीनं वाजताना स्वतःच वेग आवरतात. इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन-अडीच हजारांच्या वर जाऊ देत नाहीत. नवशिक्याला वाटतं पेट्रोल संपत आलं. तो फुगा दाबतो, थ्रॉटल पुढे रेटतो, मशीनला दोन शब्द ऐकवतो. उपयोग होत नाही. थ्रॉटल पार खाली आणल्याशिवाय, आणि कारण दूर झाल्याशिवाय, ते पूर्ववत पळणार नाही.

होडीत मेहुणा असल्यास त्याच्या हातात नांगराची दोरी द्यावी. एरवी तो झाकण उघडतो.

कसा वाजतोय?

सलग वाजतोय की तुटक, हे लक्षात ठेवा, कारण मेकॅनिक सर्वांत आधी तेच विचारतो आणि त्याला ‘टूंटूं’ आणि ‘टूंऽऽऽ’ यांतला फरक तोंडाने करून दाखवावा लागतो. घराण्या-घराण्यांत रीत वेगळी. जॉन्सन-एव्हिनरूडने 1984मध्ये पेट्रोलमध्ये तेल आपोआप मिसळणारी व्हीआरओ नावाची यंत्रणा आणली. त्या मशीनांत बऱ्याच वेळाने एकेकदा टूं झालं तर टाकीतलं तेल कमी, भराभर टूंटूं झालं तर तेल इंजिनापर्यंत पोचतच नाही, आणि थांबायचं नाव न घेता वाजलं तर इंजिन तापलंय. मर्क्युरीतही ढोबळमानाने तुटक म्हणजे तेल आणि सलग म्हणजे ताप. जुन्या यामाहा मात्र दोन्ही दुःखं एकाच सुरात सांगतात. तिथे दिवे बघावे लागतात, आणि दिव्याची काच पिवळी पडलेली असते. चार-स्ट्रोक सुझुकी घेतली असेल तर ती ठरावीक तास भरले की इंजिनाचं तेल बदलायची आठवण म्हणूनही टुंटुं करते. हा अलार्म नव्हे, तगादा.

शिवाय होडीत वाजणारी प्रत्येक वस्तू मशीन नसते. फिशफाइंडर पाणी उथळ झालं की वाजतो, बॅटरी उतरली की वाजतो, आणि काही फिशफाइंडर मासा दिसला तरी वाजतात. इंजिन उघडण्यापूर्वी हे तपासल्यास वेळ आणि अब्रू दोन्ही वाचतात.

पाणी

सलग आवाज आणि धार नाही. इथे पुष्कळ लोक थेट पंप खोलायला बसतात. थांबा. आधी गुन्हेगारांची यादी स्वस्ताकडून महागाकडे वाचायची असते.

सर्वांत स्वस्त गुन्हेगार म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. खालच्या भागात पाणी ओढणारी जी जाळी असते तिच्यावर ती येऊन चिकटते. मशीन तापतं, बझर वाजतो, आपण मशीन बंद करतो, ओढ थांबते आणि पिशवी सुटून निघून जाते. मशीन वर उचलून पाहावं तर जाळी स्वच्छ. पुन्हा सुरू केलं तर धार ठणठणीत. असा पुराव्याअभावी सुटलेला गुन्हेगार नवशिक्याची रात्रीची झोप उडवतो आणि मेकॅनिकचा एक दिवस खातो. पिशवी अजून चिकटलेली असेल तर क्षणभर रिव्हर्स टाकून बघा, नाहीतर मशीन बंद करून, वर उचलून हातानेच काढा. आणि काढलेली पिशवी होडीतच ठेवा. परत पाण्यात टाकलीत तर ती पुढच्या होडीला लागेल, आणि पुढची होडी पर्यटकांची असेल.

दुसरा गुन्हेगार आपण स्वतः बसवलेला असतो. वाळूची पट्टी ओलांडताना मशीन थोडं वर उचललं आणि खाली करायचं राहिलं. किंवा तारकर्लीसमोर डॉल्फिन दिसले, सगळे पाहुणे मोबाइल घेऊन पुढे धावले, होडीचं नाक खाली आणि शेपटी वर. जाळी पाण्याबाहेर आली की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. पाहुण्यांना जागेवर बसवणे हा या बिघाडावरचा इलाज असून त्याला पाना लागत नाही.

तिसरी आरोपी कुंभारीण माशी. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा मशीनं उतरवून पडवीत, वळचणीला, झापांखाली ठेवतात. कुंभारणीला अंडी घालायला पेन्सिलीएवढं भोक हवं असतं, आणि धारेचं भोक तंतोतंत त्या मापाचं असतं. ती त्यात चिखल भरून, दार लिंपून निघून जाते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून, गुलाल लावून, फटाके वाजवून आपण मशीन सुरू करतो आणि धार नाही! अशा वेळी गरीच्या जाड तंगसाचा एक तुकडा भोकातून आत सारून चिखल मोकळा करावा. लोखंडी तार खुपसू नये, आतली प्लॅस्टिकची कोपरी फुटते. इंजिनाला पाणी मिळतंय पण केवळ धारेचं तोंड बुजलंय, असंही होऊ शकतं. त्या स्थितीत मशीन तापत नाही आणि बझरही वाजत नाही. उलटही खरं आहे : पुष्कळ मशीनांत धार पंपाच्या जवळूनच फोडलेली असते, त्यामुळे धार उत्तम आणि वरचे मार्ग मिठाने बुजलेले, असा प्रकार संभवतो. धार दिसली म्हणजे पुरावा मिळाला, निकाल नव्हे.

आता महाग गुन्हेगार. पंपात इंपेलर नावाचं रबराचं एक चाक असतं, त्याला लवचीक पाकळ्या. ते ज्या डबीत फिरतं तिच्या मधोमध ते नसतं, मुद्दाम एका बाजूला सरकवलेलं असतं. त्यामुळे पाकळ्या फिरताना एकीकडे दुमडतात, दुसरीकडे उलगडतात आणि पाणी पुढे ढकलत राहतात. दोन महिने मशीन एका जागी पडून राहिलं की दुमडलेल्या पाकळ्या दुमडलेल्याच राहतात. खाडीच्या तोंडाशी रेती उपसणाऱ्या पाण्यात त्या झिजतात. आणि पाण्याशिवाय मशीन चालवलं तर काही सेकंदांत करपतात. "फक्त सुरू होतंय का ते बघा" म्हणून अंगणात शेजाऱ्याला दाखवलेलं मशीन हे कोकणात इंपेलर मरण्याचं एक मान्यताप्राप्त कारण आहे. दाखवायचंच असेल तर 200 लिटरचा निळा ड्रम घ्या, गोडं पाणी भरा, आणि पाण्याची पातळी पंपाच्या वर आहे याची खात्री करून मगच किल्ली फिरवा. प्रत्येक फेरीनंतर असं गोडं पाणी फिरवलं तर मीठही साठत नाही. हे सर्वांना माहीत असतं.

इंपेलर बदलायचा तर खालचा गिअरचा भाग पूर्ण उतरवावा लागतो. पुस्तकात लिहिलेलं असतं : ‘बोल्ट काढा.’ खाऱ्या पाण्यातला बोल्ट पुस्तक वाचत नाही. त्याला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल पाजावं, सकाळी थोडी उष्णता द्यावी, आणि तरीही तो तुटल्यास पहिला अपशब्द मनात उच्चारावा, कारण अजून पाच शिल्लक आहेत. सगळे सुटले तरी भाग खाली येत नसेल तर गिअरची दांडी जोडलेली राहिली आहे. काही जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये तिचा जोड वर, कार्ब्युरेटरच्या खाली, कोणाच्या बोटाला पोचणार नाही अशा जागी आहे. हातोडी मारू नका, शोधा. उतरवताना मशीन कोणत्या गिअरमध्ये होतं ते खडूने झाकणावर लिहून ठेवा, बसवताना तोच गिअर हवा. जुन्या इंपेलरच्या पाकळ्या मोजा. एखादी कमी असेल तर ती वर पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडकली आहे, आणि ती सापडेपर्यंत नवा इंपेलर बसवून काही साधणार नाही. नवा बसवताना साबणाचं पाणी लावून शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत डबी खाली दाबा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वळतात. इंपेलरला शाफ्टशी अडकवणारी लहानशी किल्ली मिळाली नाही तर आधी गवतात, मग कोंबडीच्या आसपास पाहा.

पंप धडधाकट आणि तरी ताप, तर थर्मोस्टॅट. मिठाने तो मिटलेला राहतो. काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा आणि पाणी तापवा. मशीनप्रमाणे फरक असला तरी साधारण 50 ते 60 अंशांच्या घरात तो उघडायला हवा. स्वयंपाकघरातलं पातेलं घेणार असाल तर त्याचे परिणाम या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहेत. "काढूनच टाका" असा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. काढल्यास इंजिन गारठलेलं राहतं, हळू चालवताना प्लग काळे पडतात, आणि मग आपण प्लगच्या मागे लागतो.

इंजिन खरंच तापलंय का हे बघायची जुनी रीत म्हणजे हेडवर थुंकीचा थेंब टाकणे. चर्र झालं तर उत्तर मिळालं. कोविडच्या काळात घेतलेला कपाळाचा थर्मामीटर चालत नाही, तो माणसाच्या तापाच्या पुढे मोजायला तयार नसतो. कारखान्यातला, दुरून मोजणारा, तीनशे अंशांपर्यंत जाणारा घ्या. तापलेल्या हेडवर बादलीभर समुद्र ओतू नका.

तेल

दोन-स्ट्रोक मशीन घेतल्याक्षणी आधीच्या मालकाला विचारायचा प्रश्न : तेल त्याच्या वेगळ्या टाकीत घालायचं की पेट्रोलमध्ये? बरेच जण आपोआप तेल मिसळणाऱ्या पंपावरचा विश्वास उडाल्यावर तो काढून टाकतात आणि पेट्रोलमध्येच तेल मिसळतात. प्रमाण बहुधा 50ला 1, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर. पंप काढलेला, तेलाची टाकी मात्र दिसायला जागेवर, आणि नवा मालक टाकीत तेल भरून पेट्रोल कोरं घालतो. यात अलार्म वाजेलच असं नाही. पिस्टन मात्र वाजतो.

तेलाची टाकी भरलेली असून बझर तेलासाठी ओरडत असेल तर टाकीतला तरंगता लोळा अडकला असेल, किंवा तळाशी पाणी साचलं असेल. तेल आउटबोर्डचंच हवं, डबीवर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं. रिक्षावाल्याकडचं टू-टी हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. स्वस्त आहे, हे कबूल.

पेट्रोलच्या टाकीची हवा खेळायची चावी बंद राहिली तर फुगा चपटा होतो आणि मशीन पाचेक मिनिटांत मान टाकतं. काही व्हीआरओ मशीनांत पेट्रोलची ओढ अडली की बझरही वाजतो. चावी उघडा, पुढे चला.

वायर

पाणी झालं, तेल झालं. आता आणि आताच वायर. मशीन थंड आहे, धार आहे, तेल आहे, तरी वाजतं. हेडवरच्या स्विचची वायर सोडवा. आवाज थांबला तर स्विच आतून चिकटलेला आहे, नवा घ्या. आवाज चालूच राहिला तर वायर वाटेत कुठेतरी सोलून इंजिनाला टेकली आहे. बहुधा जिथे ती झाकणाच्या कडेवरून जाते तिथेच.

सोडवलेली वायर हातात आहे, समुद्रावर शांतता पसरली आहे, मासे गरीला लागताहेत आणि मेहुणा म्हणतोय, "राहू दे की तशीच." हा या मार्गदर्शिकेतला सर्वांत कठीण टप्पा. आतापर्यंतच्या बऱ्याच पायऱ्यांना पाने लागले, या पायरीला वायर जागेवर परत खोचणे एवढंच लागतं, आणि अनुभव असा की बोल्ट तोडण्याइतका दम असलेली माणसं इथे थकतात. पाणी बंद आणि बझर मुका असलेलं मशीन आपलं काही बिनसलंय हे सांगतं तेव्हा हेड गॅस्केट गेलेलं असतं, सिलिंडरला चरे पडलेले असतात आणि इंजिनाची किंमत भंगारवाला किलोवर सांगतो.

मेकॅनिक

मेकॅनिक आला की मशीन वाजत नाही.

"खय वाजता हा?"

"काल वाजत होतं हो."

"मगे काल बोलवूचा होता."

यात मशीनचा खोडसाळपणा नाही. ड्रममध्ये, गार पाण्यात, पंख्यावर भार नसताना ते तापेल कशाला? मेकॅनिकला होडीत बसवा, भरल्या होडीने खाडीत अर्धा तास फिरवा आणि वाजेपर्यंत चहा-भजीची सोय ठेवा. तो "वेळ नाय" म्हणेल. भजीचं नाव आधी काढा.

डबा

जुन्या मशीनचे भाग मिळवणं हा स्वतंत्र छंद आहे. एव्हिनरूड आणि जॉन्सन बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं दिवाळं 2000च्या डिसेंबरमध्ये निघालं, पुढे ते नाव कॅनडाच्या बीआरपीकडे गेलं आणि तिनेही 2020मध्ये एव्हिनरूडची आउटबोर्डं बनवणं थांबवलं. इंपेलर-थर्मोस्टॅटसारखे झिजणारे भाग इतर कंपन्या अजून बनवतात. मिळतील तेव्हा दोन घ्या. मागवताना इंजिनावरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर सांगा. "निळं मशीन, 40चं" एवढ्यावर कुरिअरने काहीही येऊ शकतं.

होडीत एक झाकणाचा डबा ठेवा. त्यात सुटा इंपेलर आणि त्याची किल्ली, पंपाचं गॅस्केट, दोन प्लग, प्लगचा पाना, लिटरभर तेल, हातभर जाड तंगूस, आणि चिकटपट्टीचं एक रीळ. चिकटपट्टी सोललेल्या वायरीला गुंडाळण्यासाठी आहे, बझरला नव्हे.